दालचिनीची साल दर वर्षी तुटते, सुटत नाही: वाडीतल्या झाडाचं काय चुकतं?

घटस्थापना झाली की मला ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन यायला लागतात. प्रश्न एकच असतो. वाडीत दालचिनीचं झाड आहे, चांगलं मोठं आहे, पानं मसाल्यात घालून संपत नाहीत इतकी आहेत, पण साल काढायला बसलं की नळी काही निघत नाही. काडेपेटीतल्या काडीएवढे तुकडे पडतात, अर्धी साल लाकडालाच चिकटून राहते आणि दोन तास खपून हाताला मूठभर चुरा लागतो. गेल्या वर्षीही तसंच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. कुणी सुरीला दोष देतं, कुणी जमिनीला. एका काकूंना तर कुणीतरी सांगितलं होतं की झाड नर आहे म्हणून साल सुटत नाही. ते जायफळाचं झालं. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. दालचिनीच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात, आणि सालीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, नारळ-पोफळीची. त्यात दालचिनीची बारा झाडं आहेत आणि पहिली पाच वर्षं मी याच तुकड्यांवर काढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते. कारणं चार-पाचच आहेत, पण ती एकात एक अडकलेली असतात. एक सुधारलं आणि बाकीची तशीच राहिली की फरक दिसत नाही, आणि माणूस हात टेकतो.

खोड किती जाड आहे?

सगळ्यात आधी खोडाला हात लावून बघा. मनगटाहून जाड आहे का? साल करडी, खडबडीत, शेवाळ धरलेली आहे का? मग त्या खोडावरून नळी निघणार नाही, कितीही चांगली सुरी आणली तरी. दुकानात मिळणारी पातळ, कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली दालचिनी जुन्या खोडाची नसतेच. बुंध्यातून वर आलेल्या धुमाऱ्यांची ती साल असते. धुमारा साधारण दोन वर्षांचा, दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचा, म्हणजे अंगठ्याएवढा असावा लागतो. रंग खालपासून वरपर्यंत सारखा तपकिरी झालेला, आणि मीटर-सव्वा मीटर सरळ वाढलेला.

आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. आंबा, फणस, काजू, कोकम, सगळं आपण वाढवायचं म्हणून लावतो. त्याच हिशेबात दालचिनीही वाढू देतो, आणि मोकळी सोडली तर ती दहा-पंधरा मीटरसुद्धा जाते. सावली छान पडते, पानं भरपूर मिळतात, पण सालीसाठी ते झाड कामाचं राहत नाही. जिथे हिचं पीक खरोखर घेतात तिथे ती माणसाच्या डोक्याहून थोडं उंच झुडूप म्हणूनच ठेवतात. कापायची, फुटू द्यायची, दोन वर्षांनी पुन्हा कापायची. श्रीलंकेत साल काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेला सालागामा नावाचा समाज आहे. पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले, सगळ्यांनी दालचिनीचा व्यापार याच लोकांच्या हातांवर केला. आधी साल रानातल्या झाडांची निघायची. डचांनी अठराव्या शतकात तिथे बागा लावल्या. आपल्या बाजूला केरळात, कण्णूरजवळ अंजरकंडी इथे ईस्ट इंडिया कंपनीनं १७६७ साली दालचिनीचा मळा सुरू केला. इतका जुना हा उद्योग आहे, पण आपल्या कोकणात झाड पोचलं आणि ते कापायची पद्धत मात्र बरोबर आली नाही, असं मला वाटतं.

इथे एक कळकळीची विनंती करते. झाड उभं ठेवून त्याच्या खोडाची साल गोल काढू नका. आमच्याकडे हे झालेलं आहे. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा विहिरीजवळ एक मोठी दालचिनी होती. एका वर्षी सासऱ्यांनी तिच्या बुंध्याची हातभर उंचीची साल चहूबाजूंनी सोलून काढली. झाड तोडावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. दिवाळीत ते झाड हिरवंगार दिसत होतं. शिमग्यापर्यंत शेंड्याची पानं गळाली आणि पुढच्या पावसात खोडाला कीड लागलेली दिसली. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. सालीचा पूर्ण वेढा निघाला की मुळं उपाशी मरतात. सासरे त्या जागेवरून जाताना बराच काळ तिकडे बघायचे नाहीत. पूर्ण झाड बुंध्याशी कापलं असतं तर ते पुन्हा फुटलं असतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

तर जुन्या, जाड झाडाचा उपाय हाच: जून-जुलैमध्ये, पाऊस मुरला की, ते जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभराहूनही कमी उंचीवर कापायचं आणि उरलेल्या खुंटावर माती ओढून घ्यायची. हात धजत नसेल तर दोन-तीन खोडांचं झाड असल्यास आधी एक खोड कापा, फुटवा आलेला बघा, मग बाकीची. कापलेल्या जाड खोडाची साल फेकू नका. वरचं खडबडीत आवरण खरवडून, सुटतील तसे तुकडे काढून वाळवा. नळी होणार नाही, पण घरच्या मसाल्याला ते उत्तम. फुटव्यांचं पुढे काय करायचं ते शेवटी सांगते.

पानाचा रंग

खोड योग्य जाडीचं असूनही साल तुटत असेल तर दहापैकी आठ वेळा वेळ चुकलेली असते.

दालचिनीची पालवी आंब्याच्या पालवीसारखी लालसर येते, पण हिचा लाल रंग जास्त गडद. पानं लुसलुशीत, खाली लोंबणारी. दोन-तीन आठवड्यांत ती पोपटी होतात, मग हिरवी, आणि मग देठाशी ताठ. आमच्याकडे पोफळी काढायला येणारे एक आजोबा होते, त्यांनी केरळात मसाल्याच्या मळ्यावर काम केलेलं. मी पहिल्या वर्षी धुमारे कापायला निघाले तेव्हा त्यांनी हातातली कोयतीच काढून घेतली. म्हणाले, “बाय, पान लाल हाय तवर हिला हात लावू नको. शेंड्याचं पान हिरवं झालं की साल आपसूक सुटंल.” मी ऐकलं नाही. दोन धुमारे गुपचूप कापलेच. त्यांची साल टाचणीनं उकरावी तशी उकरावी लागली. पंधरा दिवसांनी त्याच झाडाचे उरलेले धुमारे कापले, आणि साल केळीच्या सोपटासारखी हातात आली.

असं का होतं, ते कलम बांधणाऱ्याला लगेच कळेल. डोळा भरताना आपण आधी ‘साल सुटतेय का’ बघतोच ना? साल आणि लाकूड यांच्या मधे पेशींचा एक जिवंत, वाढता थर असतो. झाडात रस खेळता असला की त्या थरातल्या नव्या पेशी नाजूक, पाण्यानं भरलेल्या असतात, आणि साल तिथून अलगद वेगळी होते. उन्हाळ्यात झाड थांबलेलं असतं, तेव्हा हाच थर घट्ट चिकटतो. आणि पालवी लाल असताना झाडाचं सगळं बळ शेंड्याकडे लागलेलं असतं, तेव्हाही साल सोडत नाही. शेंड्याचं लाल पान हिरवं झालं की समजायचं, रस पुन्हा खोडात खेळू लागला.

आता आपली मंडळी साल कधी काढायला बसतात ते बघा. चाकरमानी मे महिन्यात येतात, सगळे घरात असतात, हौस असते, आणि कुणीतरी म्हणतं, “चला, दालचिनी काढू, मुंबईला न्यायला होईल.” मे महिन्यात झाड कोरडं ठणठणीत. एक तुकडा धड निघत नाही. मग तीच मंडळी गणपतीला येतात, पुन्हा झाडाला हात घालतात, आणि या वेळी साल छान सुटते! पण बाहेर पाऊस. चुलीवर, पंख्याखाली, कुठेही ठेवली तरी चौथ्या दिवशी सालीवर पांढरी बुरशी. मे महिन्यात वाळेल पण सुटत नाही, गणपतीत सुटते पण वाळत नाही. दर वर्षी याच दोन सुट्ट्यांत प्रयत्न झाला तर दर वर्षी तोच निकाल येणार.

आपल्या किनाऱ्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सालीचा. आमच्या वाडीत तो बहुतेक वर्षी नवरात्र ते तुळशीचं लग्न असा पडतो: जमिनीत ओल आहे, ऊन कडक आहे, पालवी पिकलेली आहे. परतीचा पाऊस लांबला तर थांबते. उलट पाऊस लवकर गेला आणि ऑक्टोबरच्या उन्हानं जमीन आवळली, तर कापण्याच्या आधी तीन दिवस बुंध्याला भरपूर पाणी देते. दोन वर्षं याचा मला स्पष्ट फायदा झालाय.

आणि कॅलेंडर काहीही सांगो, आधी चीर मारून बघा. बुंध्याकडच्या भागात, धारदार सुरीच्या टोकानं बोटाच्या पेराएवढी उभी चीर द्या, तिच्या वरच्या टोकाला एक छोटी आडवी. सुरीचं टोक चिरेत घालून जरा उचला. साल कडेनं उलगडत गेली आणि खालचं लाकूड पांढरं, ओलं, बोटाला बुळबुळीत लागलं, तर त्याच दिवशी कापायला घ्या. साल धाग्याधाग्यांनी तुटली आणि लाकूड कोरडं दिसलं, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा. प्रत्येक झाडाची चीर वेगळी बघायची. शेजारशेजारच्या दोन झाडांत पंधरवड्याचं अंतर पडलेलं मी पाहिलंय, विशेषतः एक नारळाच्या दाट सावलीत आणि दुसरं उन्हात असेल तर.

कापल्यापासून संध्याकाळपर्यंत

धुमारे सकाळी कापा आणि त्याच दिवशी सोला. हे नुसतं सांगायला नाही, यावर खरंच सगळं अवलंबून आहे. आज कापून ठेवले आणि उद्या निवांत बसून सोलू म्हटलं की रस आटतो, साल परत धरते. म्हणून मी एका वेळी दहा-बाराच धुमारे कापते, एका माणसाला दिवसाउजेडी जमतील तेवढेच. पानं आणि कोवळा शेंडा लगेच उडवायचा, काड्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली.

पहिलं काम खरवडणं. वरची तपकिरी पापुद्रा-साल सुरीच्या पाठीनं किंवा बोथट कोयतीनं हलकेच खरवडून काढायची. आतून पिवळसर-पांढरी साल दिसायला लागते आणि हाताला वास भरतो. बरेच जण ही पायरी गाळतात. मग वाळल्यावर नळी जाड, काळपट, कडवट लागते आणि नीट गुंडाळतही नाही.

दुसरं काम घासणं, आणि साल तुटण्याचं जे कारण कुणी सांगत नाही ते इथे आहे. खरवडलेल्या काडीवर पितळी दांडा दाबून, पुढे-मागे, सगळीकडून घासायचा. मळ्यावरचे लोक यासाठी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची कांडी वापरतात. माझ्याकडे सासूबाईंची जुनी पितळी पळी आहे, तिच्या गोल दांड्यानं मी घासते. लोखंड नको, सालीवर काळे डाग पडतात. दाब असा द्यायचा की सालीला चकाकी यावी पण ती फाटू नये. दोन-तीन मिनिटांत काडीचा आवाज बदलतो: आधी कोरडी खरखर असते, मग ओलसर, मऊ घसरण लागते. आतला थर सुटल्याची ती खूण. आवाज बदलण्याच्या आधी सुरी लावली तर साल तुटते, हे मी शंभरदा करून पाहिलंय.

मग काडीवर साधारण वीत-सव्वा वीत अंतरानं दोन गोल चिरा आणि त्या जोडणाऱ्या समोरासमोर दोन उभ्या चिरा. पाती लाकडापर्यंत टेकली पाहिजे. वरवर चीर दिली की साल ओढताना वाकडी फाटते. छोट्या, किंचित वाकड्या टोकाच्या सुरीचं टोक चिरेत सारून, लाकडाला चिकटवूनच पुढे सरकवत न्यायचं. साल ओढायची नाही, तिच्याखालून सुरी चालवायची. दोन अर्ध्या पन्हळी हातात येतात. काढल्या क्षणी त्या फिकट, जवळजवळ दुधी असतात. तुम्ही पुढची काडी घेईपर्यंत कडांना तांबूस छटा चढते, आणि संध्याकाळी सगळा ढीग दालचिनीच्या रंगाचा झालेला असतो. हे बघायला म्हणून तरी मुलांना जवळ बसवा.

काडीवर जिथे बाजूची फांदी फुटलेली होती तिथे गाठ असते आणि तिथे साल फाटतेच. त्यावर सोलताना इलाज नाही. गोल चिरा गाठीच्या अलीकडे-पलीकडे घ्या आणि तो भाग सोडून द्या. खरा इलाज वर्षभर आधी, फांदी अंकुरतानाच ती चिमटीनं खुडण्याचा.

निघाली, पण गुंडाळली नाही किंवा बुरशी आली

ओल्या पन्हळी थेट कडक उन्हात टाकल्या की त्या सपाट वाळतात, कडा चिरतात. रात्रभर सावलीत एकावर एक रचून ठेवा, दुसरा दिवसही सावलीतच, आणि मग चार दिवस उन्हात. सावलीत साल हळूहळू आकसते आणि दोन्ही कडा आपोआप आत वळतात. लहान तुकडे मोठ्या पन्हळीत भरायचे ते याच वेळी, ओलसर असताना, म्हणजे सगळं मिळून एक नळी बनते. श्रीलंकेत अशा नळ्या ४२ इंच लांब करतात, एकात एक तुकडे जोडत. आपल्याला घरात तेवढ्या लांबीचा सोस कशाला, वीतभर पुरे. मी सुपात घालून वाळवते आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात आणते. दव विसरलं की बुरशी ठरलेली.

वाळली का ते मोडून बघायचं. टक्‌कन मोडली तर डब्यात भरा. वाकली तर अजून एक ऊन द्या.

सगळं बरोबर केलं, पण वासच नाही

याचं उत्तर ऐकून बऱ्याच जणांना वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. तुमचं झाड कदाचित वेगळंच असेल.

सिनॅमोमम ही मोठी प्रजाती आहे. तिच्यात श्रीलंकेची खरी दालचिनी येते, चिनी कॅशिया येते, हिमालयाच्या बाजूचं तमालपत्र येतं, आणि आपल्या सह्याद्रीत आपोआप उगवणाऱ्या रानदालचिनी येतात. कापराचं झाडही वनस्पतिशास्त्रात कालपरवापर्यंत याच प्रजातीत धरत. सगळ्यांची पानं सदाहरित, सुवासिक, आणि बहुतेकांच्या पानावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. त्यामुळे नुसतं पान बघून रोप ओळखणं फार कठीण. मी पहिली चार रोपं ज्या रोपवाटिकेतून आणली तिथे ‘अस्सल दालचिनी’ म्हणूनच दिली होती. सहा वर्षं वाढवल्यावर त्यातल्या तीन झाडांच्या सालीला गवताइतकाच वास निघाला आणि चावली की चिकट बुळबुळ. जंगली जातीची रोपं होती ती. सहा वर्षांची मेहनत आणि जागा गेली.

पान चुरगळून वास घ्या. खऱ्या दालचिनीच्या पानाला दालचिनीचा नाही, लवंगेचा वास येतो, कारण पानातल्या तेलात युजेनॉल जास्त असतं, लवंगेत असतं तेच. सालीत सिनॅमल्डिहाइड, म्हणजे ज्याला आपण दालचिनीचा वास म्हणतो ते, आणि मुळांच्या सालीत चक्क कापूर. एकाच झाडाच्या तीन भागांत तीन वेगळे वास, मला याचं आजही नवल वाटतं. चुरगळलेल्या पानालाच दालचिनीचा वास आला तर ती कॅशिया असण्याची शक्यता जास्त. काहीच वास आला नाही तर रानातली. सालीचा तुकडा चावून बघा: खरी दालचिनी गोडसर लागून विरघळल्यासारखी होते, बाकीच्या चिकट होतात. कॅशियात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला ते चांगलं नाही. खऱ्या दालचिनीत ते अगदी नगण्य. रोज चमचाभर पूड पाण्यातून घेणाऱ्यांनी तरी आपण कोणती खातोय ते बघावंच.

झाड खरं असूनही वास बेताचाच असेल तर ते बियांवरचं असणार. दालचिनीत परपरागीकरण होतं, म्हणजे पराग दुसऱ्या झाडाचा येतो, त्यामुळे बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. पिकलेली काळी फळं पक्षी खातात आणि वाडीभर रोपं उगवतात, ती फुकटची रोपं लावायचा मोह होतो. एखादं नशिबानं चांगलं निघतंही. पण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात आपल्या हवामानासाठीच काढलेली आहे, तिची खात्रीची रोपं आणा. नाहीतर ज्या झाडाची साल स्वतः चाखली आहे त्याची गुटी बांधा. बी लावायचंच असेल तर फळ पिकल्याबरोबर गर धुऊन लगेच पेरा, कारण ते साठवून ठेवलं की उगवत नाही. मी आता नवी सगळी झाडं नारळाच्या मधल्या जागेत लावलीत. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ पाहिलेल्यांना ही मांडणी ठाऊक असेल: नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची झाडं मिळून.

पानांवरच्या फोडी

हिरव्या पानांवर मुरमांसारख्या फोडी येतात, त्यानं लोक घाबरतात. एका बारीक किडीच्या त्या गाठी असतात. सालीवर फारसा परिणाम नाही, फार माजल्या तर ती पानं तोडून जाळा. पावसाळ्यात पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती पान पोखरणारी अळी. पाऊस संपल्यावर लाल पालवी खाणारी अळी फुलपाखराची असते. लहान रोपावर ती हातानं वेचा, मोठ्या झाडाला ती काही करत नाही, तिला राहू द्या.

काळजी करावी असा एकच रोग: फांदीवर गुलाबीसर-पांढरा लेप दिसणं. त्याखालची साल मरते आणि फांदी वाळते. रोगाच्या खाली हातभर अंतरावर फांदी कापा, जाळा, आणि कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा घट्ट लेप, लावा. सुपारीच्या कोळेरोगासाठी आपण जे एक टक्का बोर्डो मिश्रण करतो, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, तेच पावसाच्या तोंडाशी उरलेल्या झाडावर फवारायचं.

कापल्यानंतर काय, म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा तेच नको

साल काढून झाली की सगळ्यांचं लक्ष सुपातल्या नळ्यांकडे लागतं आणि खुंटाकडे कुणी बघत नाही. पुढच्या वेळची साल तिथेच बिघडते.

धुमारा उंचावर कापला तर नवे फुटवे त्या उंच खुंटावरून, वाकडे आणि झुपक्यानं येतात. पुढच्या खेपेला खुंट आणखी वर जातो, गाठाळ होतो, आणि चार-पाच वर्षांत बुंधा नुसता गाठोडं. धुमारा जमिनीलगत कापा, काप तिरका, झुडपाच्या आतल्या बाजूला उतरता. मग नवे फुटवे बाहेरच्या अंगानं, जमिनीजवळून, सरळ वर येतात. खुंटाभोवती माती ओढा.

फुटवे पंधरा-वीस येतील. सगळे ठेवायची हौस मीही केली होती, आणि दोन वर्षांनी करंगळीएवढे वीस धुमारे हातात आले, एकाचीही साल धड निघाली नाही. चार ते सहा ठेवा, सगळ्यात सरळ आणि जोमदार. बाकीचे कोवळे असतानाच काढा. ठेवलेल्या धुमाऱ्यांवर बाजूचा डोळा फुटला की खुडा. ही पाच मिनिटांची कामं आहेत, पण पाणी लावायला गेलं की दर वेळी करावी लागतात.

खताचं प्रमाण, पहिल्या वर्षाच्या रोपाला २० ग्रॅम नत्र, १८ ग्रॅम स्फुरद, २५ ग्रॅम पालाश. ते दर वर्षी वाढवत दहाव्या वर्षापासून २००, १८० आणि २०० ग्रॅम. मोठ्या झाडाला हे युरिया सुमारे ४३५ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट सव्वा किलोला थोडं कमी आणि म्युरेट ऑफ पोटॅश ३३५ ग्रॅमच्या आसपास होतं. निम्मं मे-जूनमध्ये, निम्मं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. शेणखत पावसाच्या सुरुवातीला, मिळेल तेवढं. ऑगस्टचा हप्ता चुकवू नका, नवरात्रातला रस त्यावर असतो.

नव्या रोपाला दोन वर्षं पूर्ण झाली की जूनमध्ये पहिली छाटणी, चौथ्या-पाचव्या वर्षी पहिली साल. माझी बारा झाडं मी दोन गटांत वाटलीत, सहा या वर्षी, सहा पुढच्या, म्हणजे दर वर्षी घरात ताजी दालचिनी येते. प्रत्येक बुंध्याशी एक चपटा दगड ठेवलाय आणि त्यावर चुन्यानं कापल्याचं वर्ष लिहिलंय. पावसात पुसलं जातं, म्हणून दसऱ्याला कोयती-सुरीची पूजा झाली की डबा घेऊन आधी ते आकडे परत गिरवायचे आणि मग शेंड्याच्या पानांकडे बघायचं.